मावळत्या उजेडात विमान टिपताना

घरात नवा डिजिटल कॅमेरा आला, की पहिले काही दिवस घरातली माणसे, दारातले मांजर, कुंडीतले जास्वंदीचे फूल अशा सगळ्यांची छायाचित्रे निघतात आणि ती छानच येतात. मग एखाद्या संध्याकाळी डोक्यावरून विमान जाते. आकाश केशरी झालेले असते, विमानाचे दिवे लुकलुकत असतात. तुम्ही घाईने कॅमेरा उचलता, बटण दाबता आणि पाहता, तर विमानाच्या जागी एक लांबट, पुसट डाग! दुसऱ्या खेपेला विमान रेखीव येते. पण इतके काळे, की ते विमान आहे की घार हे सांगता येऊ नये. तिसऱ्या खेपेला उजेड ठीक असतो, पण सगळ्या चित्रावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात.

अशा वेळी पहिला विचार मनात येतो तो हा, की आपला कॅमेराच साधा आहे. महागडा घेतला असता तर बरे झाले असते. हा विचार घटकाभर बाजूला ठेवा. वरच्या तीन चित्रांत तीन वेगळे दोष दिसत असले, तरी त्यांचे मूळ एकच आहे. ते म्हणजे उजेडाची टंचाई. ही टंचाई नेमकी किती आहे आणि तिच्यावर काय उपाय करता येतो, हे आपण थोडे गणित करून पाहू. शेवटी असे दिसून येईल, की सर्वांत मोठा उपाय दुकानात विकत मिळत नाही.

उजेड किती कमी होतो?

सूर्यास्ताच्या वेळी आपल्याला चांगले दिसते. वर्तमानपत्रसुद्धा वाचता येते. त्यामुळे उजेड फार तर निम्म्यावर आला असेल, असे वाटते. पण डोळे येथे आपल्याला फसवतात. उजेड मोजण्याचे एकक आहे लक्स. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे १,००,००० लक्स उजेड पडतो. सूर्य मावळतो त्या क्षणी तो साधारण ४०० लक्सवर आलेला असतो, म्हणजे दुपारच्या अडीचशेव्या हिश्श्यावर! आणि सूर्य क्षितिजाखाली ६ अंश गेला, की ३ ते ४ लक्सच उरतात.

आपल्याला हे जाणवत नाही, कारण डोळा स्वतःला हळूहळू जुळवून घेतो. डोळ्यातील बाहुली सुमारे २ मिलिमीटरपासून ७ मिलिमीटरपर्यंत मोठी होते. त्यामुळे डोळ्यात शिरणारा उजेड बारापट वाढतो. उरलेले काम डोळ्याच्या आतला पडदा आपली संवेदनक्षमता वाढवून करतो. कॅमेऱ्याला मात्र असे नकळत काही करता येत नाही. त्याच्याजवळ ठरावीक साधने असतात, आणि त्यातील प्रत्येकाची काही किंमत मोजावी लागते.

कॅमेऱ्याची तीन साधने

पहिले साधन भिंगाचे छिद्र. छिद्र जितके मोठे, तितका उजेड जास्त आत येतो. कॅमेऱ्यावर ते एफ ४, एफ ५.६, एफ ८ अशा आकड्यांनी दाखवतात. हा आकडा म्हणजे भिंगाचे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. म्हणूनच आकडा लहान, तर छिद्र मोठे! विमानासाठी बरेच जण ३०० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग वापरतात. साध्या भिंगात ते एफ ५.६ पर्यंत उघडते, म्हणजे छिद्राचा व्यास ३०० ÷ ५.६ = सुमारे ५४ मिलिमीटर. एफ २.८ चे भिंग घेतले, तर व्यास होतो १०७ मिलिमीटर. व्यास दुप्पट झाला म्हणजे क्षेत्रफळ चौपट झाले, आणि उजेडही चौपट झाला. पण एवढी रुंद आणि निर्दोष काच घडवणे सोपे नाही. असे भिंग जड असते आणि पुष्कळदा कॅमेऱ्याहूनही महाग पडते.

दुसरे साधन शटर. शटर जितका वेळ उघडे, तितका उजेड जास्त. याला पैसे पडत नाहीत. परंतु तेवढ्या वेळात विमान पुढे सरकते आणि चित्र पुसट होते.

तिसरे साधन म्हणजे ‘आयएसओ’ हा आकडा. १००, २००, ४०० असा तो दुपटीने वाढत जातो. तो वाढवला, की चित्र उजळ दिसते. यालाही पैसे पडत नाहीत आणि विमानही पुसट होत नाही. मग हा आकडा खुशाल वाढवत का नेऊ नये?

दाण्यांचे मूळ

याचे उत्तर प्रकाशाच्या स्वभावात आहे. आइन्स्टाइन यांनी १९०५ साली असे मांडले, की प्रकाशाची ऊर्जा सुट्या सुट्या पुडक्यांनी येते. या पुडक्यांना आपण फोटॉन म्हणतो. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सिलिकॉनचा एक पातळ तुकडा असतो. त्याला संवेदक म्हणू. त्यावर लक्षावधी बारीक चौकोन, म्हणजे पिक्सेल असतात. चौकोनावर फोटॉन पडला, की सिलिकॉनमधला एखादा इलेक्ट्रॉन सुटा होतो. कॅमेरा प्रत्येक चौकोनात जमलेले इलेक्ट्रॉन मोजतो आणि त्या आकड्यांवरून चित्र बनवतो.

आता पाऊस भुरभुरत असताना अंगणात दहा सारख्या वाट्या मांडून ठेवल्या आहेत, अशी कल्पना करा. प्रत्येक वाटीत सरासरी १०० थेंब पडायचे आहेत. पण प्रत्यक्षात मोजले, तर एकीत ९२, दुसरीत १०७, तिसरीत १११ असे निघतील. वाट्यांत काही खोट नाही; थेंब असेच पडतात. हा फरक साधारणपणे सरासरी आकड्याच्या वर्गमुळाएवढा असतो. १०० चे वर्गमूळ १०, म्हणजे फरक दहा टक्के. पाऊस जोरात पडला आणि प्रत्येक वाटीत १०,००० थेंब पडले, तर फरक १०० चा, म्हणजे अवघा एक टक्का.

फोटॉनांचेही तसेच आहे. विमानाचे पांढरेशुभ्र पोट कॅमेऱ्याला सगळीकडे सारखेच पांढरे दिसायला हवे. पण उजेड कमी असला, की शेजारशेजारच्या चौकोनांत फोटॉन कमीजास्त पडतात आणि तिथे दाणे दिसतात. आयएसओ वाढवल्याने एकही नवा फोटॉन आत येत नाही. मोजलेला आकडा फक्त फुगवला जातो, आणि त्याबरोबर फरकही फुगतो. दूरचे केंद्र ऐकण्यासाठी रेडिओचा आवाज वाढवला, की गाण्याबरोबर खरखरही वाढते, तसाच हा प्रकार आहे.

यावरून एक गोष्ट पक्की होते. दाणे कमी करायचे असतील, तर फोटॉन जास्त जमवले पाहिजेत. त्यासाठी एक तर छिद्र मोठे हवे, नाही तर वेळ जास्त हवा. छिद्र मोठे करणे खर्चाचे काम आहे. तेव्हा वेळ कसा मिळवता येईल, ते पाहू.

विमान कॅमेऱ्यात किती वेगाने पळते?

उतरणाऱ्या प्रवासी विमानाचा वेग सेकंदाला सुमारे ७० मीटर, म्हणजे ताशी २५० किलोमीटर असतो. ते साधारणपणे ३ अंशांच्या उतारावरून खाली येते. म्हणजे धावपट्टी ५ किलोमीटर दूर असताना ते जमिनीपासून २६० मीटरच उंच असते. मुंबईत वर्षातले बहुतेक दिवस विमाने पूर्वेकडून, घाटकोपरच्या बाजूने उतरतात. त्या भागातल्या गच्चीवरून विमान अर्ध्या किलोमीटरवर दिसणे मुळीच नवलाचे नाही.

तेव्हा विमान ५०० मीटरवरून आडवे जात आहे असे धरू. भिंग ३०० मिलिमीटरचे आहे. दूरच्या वस्तूची प्रतिमा किती लहान होते, हे नाभीय अंतर आणि वस्तूचे अंतर यांच्या गुणोत्तरावरून कळते. येथे ते ३०० : ५,००,०००, म्हणजे सुमारे १ : १६६७ आहे. एअरबस ए-३२० या विमानाची लांबी ३७.५७ मीटर आहे. त्याची प्रतिमा साडेबावीस मिलिमीटर लांब होईल. पुष्कळ कॅमेऱ्यांतला संवेदक २३.५ मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे विमान चित्रात अगदी चपखल मावले!

वेगही त्याच प्रमाणात लहान होतो. ७० मीटर भागिले १६६७ म्हणजे सेकंदाला ४२ मिलिमीटर. शटर १/१००० सेकंद उघडे ठेवले, तर प्रतिमा ०.०४२ मिलिमीटर सरकेल. हे फार थोडे वाटते. परंतु २३.५ मिलिमीटरमध्ये ६००० पिक्सेल असतील, तर एक पिक्सेल ०.००३९ मिलिमीटरचा झाला. म्हणजे प्रतिमा सुमारे ११ पिक्सेल सरकली. चित्र जेमतेम चालेल असे येईल. शटर १/१०० सेकंद ठेवले, तर हाच आकडा ११० वर जाईल, आणि विमानावरील अक्षरे वाचता येणार नाहीत.

आता दुसरी बाजू पाहा. भर उन्हात एफ ५.६ आणि आयएसओ १०० असताना सुमारे १/८०० सेकंदात योग्य चित्र मिळते. सूर्यास्ताला उजेड अडीचशेपट कमी झाला, म्हणून वेळ अडीचशेपट वाढवावा लागेल. तो होतो सुमारे ०.३ सेकंद. आयएसओ ३२०० केला, म्हणजे ३२ पट वाढवला, तर वेळ १/१०० सेकंदावर येतो. थोडक्यात, विमानाला हवे आहेत १/१००० सेकंद, आणि उजेड मागतो १/१०० सेकंद. दहापटींचा हा फरक भरून कसा काढायचा?

कॅमेरा विमानाबरोबर फिरवा

वरच्या गणितात आपण कॅमेरा स्थिर धरला होता. त्याची गरज काय? चालत्या गाडीतून बाहेर पाहताना जवळचा खांब सर्रकन मागे जातो. पण खांबावर नजर खिळवून मान फिरवली, तर क्षणभर तो स्पष्ट दिसतो. कॅमेऱ्याचेही तसेच करायचे. छायाचित्रकार याला पॅनिंग म्हणतात.

सेकंदाला ७० मीटर जाणारे विमान ५०० मीटरवरून पाहिले, तर ते सेकंदाला सुमारे ८ अंश सरकते. कॅमेराही तितक्याच गतीने फिरला, तर संवेदकावरची प्रतिमा जागच्या जागी राहील. अर्थात माणसाचा हात इतका अचूक नसतो. समजा, तुमच्या गतीत दहा टक्के चूक झाली. तर प्रतिमा सेकंदाला ४२ ऐवजी ४.२ मिलिमीटर सरकेल. मग १/१०० सेकंदात ती ०.०४२ मिलिमीटर सरकेल, म्हणजे स्थिर कॅमेऱ्यात १/१००० सेकंदात जेवढी सरकली होती तेवढीच!

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. दहा टक्क्यांच्या आत हात बसवला, की तुम्हाला दहापट उजेड मिळाला. महागडे एफ २.८ चे भिंग चौपट उजेड देते. आणि सरावाने चूक पाच टक्क्यांवर आली, तर त्याच शटरवर चित्र दुप्पट रेखीव होईल.

हे करण्याची रीत अशी. विमान सर्वांत जवळ जिथे येणार, त्या दिशेला तोंड करून पाय थोडे फाकून उभे राहा. दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकवा. मग पाय न हलवता कमरेतून विमानाकडे वळा आणि ते बरेच दूर असतानाच त्याचा पाठलाग सुरू करा. ते समोर आले की बटण हळूच दाबा, पण फिरणे थांबवू नका. फलंदाज चेंडू बॅटला लागल्यावरही फटका पुरा करतो, तसे चित्र घेऊन झाल्यावरही क्षणभर फिरत राहा. सलग चित्रे घेण्याची सोय असेल, तर पाच-सहा चित्रे घ्या. त्यातले एखादेच चांगले येते. सरावलेल्या छायाचित्रकारांचेही असेच होते.

कॅमेऱ्याची चकती ‘एस’ किंवा ‘टीव्ही’ या खुणेवर ठेवली, की शटरचा वेळ तुम्ही ठरवता आणि छिद्र कॅमेरा ठरवतो. काही भिंगांत कंप थोपवण्याची सोय असते. ती हाताची थरथर कमी करते, पण विमानाला थांबवू शकत नाही. विजेरी दिव्याचा, म्हणजे फ्लॅशचाही उपयोग नाही. फ्लॅश १० मीटरपर्यंत पुरतो असे धरले, तर ५०० मीटर अंतर त्याच्या ५० पट झाले. आणि तिथे पोचणारा उजेड ५० च्या वर्गाने, म्हणजे २५०० पटींनी कमी होईल.

सराव शाळेच्या मैदानावर

या सरावासाठी विमानाची वाट पाहण्याचे कारण नाही. ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला ५ मीटर जाते. ती ३५ मीटरवरून आडवी जात असेल, तर तीसुद्धा सेकंदाला ८ अंशच सरकते! म्हणजे कॅमेऱ्याच्या दृष्टीने मैदानावरची सायकल आणि आकाशातले विमान यांची चाल एकच. एका मित्राला सायकलवर पिटाळा आणि शटर अनुक्रमे १/५००, १/२५०, १/१२५ आणि १/६० सेकंद ठेवून प्रत्येकी वीस चित्रे घ्या. प्रत्येक वेगाला किती चित्रे रेखीव आली ते वहीत मांडा. आठवड्याने पुन्हा तोच प्रयोग करा. आकड्यांतला फरक हीच तुमच्या हाताची प्रगती. शिक्षकांना या निमित्ताने कोनीय वेग हा विषय वर्गाबाहेर शिकवता येईल.

आणखी एक युक्ती याच गणितातून निघते. विमान अजून समोरून तिरके येत असते, तेव्हा त्याची चाल मंद दिसते. ते १००० मीटरवर असताना आपली दृष्टिरेषा त्याच्या मार्गाशी ३० अंशांचा कोन करते. त्या वेळी ते सेकंदाला फक्त २ अंश सरकते, म्हणजे अगदी समोर आल्यावर जितके सरकेल त्याच्या चौथा हिस्सा. चित्रात ते लहान येईल, पण रेखीव येण्याची शक्यता जास्त.

पंख्याच्या विमानाची गंमत

शटर मंद ठेवणे हा नेहमी नाइलाजच असतो असे नाही. लहान विमानतळांवर एटीआर-७२ हे पंख्याचे विमान दिसते. त्याच्या पंख्याला सहा पाती असतात आणि उड्डाणाच्या वेळी पंखा मिनिटाला १२००, म्हणजे सेकंदाला २० फेरे घेतो. १/१००० सेकंदात पाते फक्त ७ अंश फिरते. चित्रात पंखा थांबल्यासारखा दिसतो आणि विमान हवेत टांगून ठेवल्यासारखे वाटते. १/१२५ सेकंदात मात्र पाते ५८ अंश फिरते. दोन पात्यांतला कोन आहे ६० अंशांचा. त्यामुळे पंख्याची जवळजवळ पूर्ण चकती उमटते आणि विमान उडते आहे हे चित्रातच दिसते.

वेळ कोणती साधावी?

मुंबईच्या अक्षांशावर सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ सरळ उतरतो. त्यामुळे सूर्यास्तानंतर तो ६ अंश खाली जायला २२ ते २४ मिनिटेच लागतात. लंडनमध्ये जून महिन्यात याला पाऊण तासाहून जास्त वेळ लागतो. म्हणून आपल्याकडे तयारी आधीच करून ठेवायला हवी. आयएसओ किती, शटर किती, हे सूर्य मावळण्यापूर्वीच ठरवा.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. १० ते ११ किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या विमानाला आपल्यापेक्षा दूरचे क्षितिज दिसते. आपल्याकडे सूर्य मावळल्यावरही सुमारे पाव तास त्याच्यावर ऊन पडत असते. खाली अंधारत असताना वर गुलाबी झळकणारे विमान दिसते, ते यामुळेच. विमान उजळ आकाशापुढे असेल, तर कॅमेरा आकाशाला भुलून चित्र काळे काढतो. अशा वेळी अधिक-उणेच्या खुणेवर एक घर ‘अधिक’ करा. काळ्या आकाशात विमानाचे दिवे फटफटीत येऊ लागले, तर ‘उणे’ करा.

काळोख पडल्यावर

पुरता अंधार झाला, की कितीही सफाईने फिरवले तरी हात पुरा पडत नाही. मग उलट करा. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवा, रुंद दृश्य दाखवणारे भिंग लावा आणि शटर १५ सेकंद उघडे ठेवा. आता विमान दिसणार नाही, पण त्याच्या दिव्यांची रेघ उमटेल. विमानाच्या डाव्या पंखावर तांबडा आणि उजव्या पंखावर हिरवा दिवा असतो. तांबडा दिवा तुमच्या उजव्या हाताला दिसला, तर विमान तुमच्याकडे येत आहे असे समजावे.

रेघेवर ठरावीक अंतराने पांढरे ठिपके दिसतील. ते लुकलुकणाऱ्या दिव्याचे. दोन लुकलुकींत किती वेळ जातो, ते घड्याळ लावून आधी मोजून ठेवा. समजा, तो एक सेकंद आहे, आणि विमान डोक्यावर १० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला २५० मीटर वेगाने जात आहे. तर दोन ठिपक्यांतले अंतर सुमारे १.४ अंश, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाच्या पावणेतीनपट भरेल. उलट, उंची ठाऊक असेल, तर ठिपक्यांवरून तुम्हीच विमानाचा वेग काढू शकाल.

एवढे सांभाळा

चित्रे आपल्या गच्चीवरून किंवा मोकळ्या मैदानावरून घ्या. विमानतळाच्या आवारात आणि कुंपणाजवळ सुरक्षेचे नियम असतात. परवानगीवाचून तिथे कॅमेरा काढू नये. पुण्याचा लोहगाव आणि गोव्याचा दाबोळी हे विमानतळ संरक्षण दलांच्या तळांवर आहेत, तिथे तर विशेष काळजी घ्यावी. गच्चीच्या कठड्यापासून दूर उभे राहा, कारण कॅमेऱ्यातून पाहताना पायाखालचे भान राहत नाही. आणि विमानावर लेझरचा किरण चुकूनही टाकू नका. त्याने वैमानिकाचे डोळे दिपतात.

अमेरिकेत स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली कोडॅक कंपनीत पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. त्यात अवघे १०,००० पिक्सेल होते आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. तेवढ्या वेळात आपले विमान दीड किलोमीटरहून पुढे गेले असते! तुमच्या हातातला साध्यातला साधा कॅमेराही त्याच्या कित्येक पटींनी सरस आहे. तेव्हा नवे भिंग मागण्यापूर्वी मैदानावर सायकलची शंभर चित्रे काढा, आणि कोणत्या शटरला किती साधली, त्याचा तक्ता वर्गात लावा.